पोकळ नग आणि किलोचा भाव

आमचा धंदा कापडाचा. ताणा, बाणा, फणी, राच यांच्या पलीकडे आमची अक्कल फारशी चालत नाही, हे धुळ्याच्या बाजारात सर्वांना ठाऊक आहे. तरीही आज आम्ही ॲल्युमिनियमच्या ओतकामावर लिहायला बसलो आहोत. कारण सरळ आहे. आमच्या बहिणीच्या मुलाने जळगावच्या एमआयडीसीत दोन भागीदार घेऊन प्रेशर डायकास्टिंगचे एक जुने मशीन बसवले आहे आणि त्यात आमचीही थोडी रक्कम अडकलेली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे आम्ही तटस्थपणाचा आव आणला असे कोणी म्हणायला नको.

खान्देशातल्या आपल्या लोकांची पुढची पिढी मागावर बसायला तयार नाही. त्यात त्यांचा दोष नाही. जळगावची खान्देश मिल गेली, अमळनेरची प्रताप मिल गेली, धुळ्याची न्यू प्रताप मिलही गेली. पॉवरलूम आहेत, पण त्यांचा हिसाब सुताच्या भावावर आणि विजेच्या बिलावर लटकलेला. तेव्हा मुले आयटीआयला जातात, पॉलिटेक्निकला जातात, लेथ चालवतात, मोटरी भरतात, आणि ज्याच्या हाताशी थोडे भांडवल जमते तो मशीन टाकतो. भंगाराचा व्यापार तर बराचसा आपल्याच लोकांच्या हातात आहे. भंगार आपले, भट्टी आपली, कारागीर आपला, मग नग दुसऱ्याने का ओतावा, हा विचार चुकीचा नाही. पण या धंद्यात एक चोर बसलेला आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. कारागीर त्याला ब्लोहोल म्हणतात, इंजिनियर पोरॉसिटी म्हणतात. वरून चकचकीत नग, आत बारीक बारीक पोकळ्या.

आमच्या भाच्याला हा चोर भेटला तो असा. तेलाच्या पंपाच्या झाकणांची ऑर्डर होती, दोन हजार नगांची. माल गेला. गिऱ्हाईकाने त्यावर छिद्रे पाडली, तोंडे घासली, हवेच्या दाबाने पाण्यात तपासले, तर साडेतीनशे नगांतून बुडबुडे निघाले. गिऱ्हाईकाने सगळा लॉट परत पाठवला आणि मशीनिंगची मजुरीही बिलातून कापली. पोरगा रात्री आमच्याकडे आला आणि म्हणाला, "मामू, नग मशीनमधून निघतो तेव्हा अगदी ठीक असतो हो." आम्हाला तेव्हा काही सुचले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही एका जुन्या उस्तादांकडे त्याला घेऊन गेलो. त्यांची सारी उमर ओतकामात गेलेली. त्यांनी नग हातात घेतला, दोनदा फिरवला आणि आम्हालाच विचारले, "सेठ, तुम्ही कापड घेताना काय करता? उजेडासमोर धरता ना? मग हा कापून उजेडात धरा."

नग हेक्सॉ ब्लेडने आडवा कापला, कापलेली बाजू बारीक पॉलिश पेपरवर पाण्यात घासली आणि घड्याळवाल्याच्या भिंगातून पाहिली. दहा नग कापले. त्यात दोन जातींची भोके निघाली. काही भोके गोल, आतून गुळगुळीत आणि चमकणारी. ही बहुतेक झाकणाच्या पातळ टोकाकडे होती. काही भोके वेडीवाकडी, फाटल्यासारखी, आतून खडबडीत. ही बोल्टच्या छिद्राभोवतीच्या जाड उंचवट्यात होती. उस्ताद म्हणाले, गोल भोक हवेचे किंवा वाफेचे, फाटके भोक आकसण्याचे. दोघांचा इलाज वेगळा. तुम्ही एकाच गोळीने दोन्ही बिमारी बऱ्या करायला निघालात.

आणि खरोखर तसेच चालले होते. पोरांनी काय केले होते, तर मशीनचा दाब वाढवत नेला होता. आपल्याकडे सगळीकडे हीच पद्धत आहे. नग पोकळ आला की दाब वाढवा, तरी पोकळ आला तर धातू अजून तापवा, तरीही आला तर वरून एपॉक्सीची लुगदी भरून पॉलिश मारा. या शेवटच्या इलाजाबद्दल पुढे बोलू.

वाचकांपैकी ज्यांनी हे मशीन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ॲल्युमिनियमचा रस पळीने एका आडव्या लोखंडी नळीत ओततात. तिला स्लीव्ह म्हणतात. मागून प्लंजर येतो आणि तो रस पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, ढकलतो. साचा भरायला एका सेकंदाचा विसावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो. साच्याच्या अरुंद तोंडातून, म्हणजे गेटमधून, रस ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने घुसतो. आता विचार करा, रस येण्यापूर्वी साच्यात काय होते? हवा. स्लीव्हही बहुधा अर्धीच भरलेली असते, वरच्या अर्ध्या भागात हवाच. ही सगळी हवा त्या पापणी लवण्याच्या वेळात बाहेर पडली पाहिजे. न पडली तर ती रसात कोंडली जाते. हे झाले गोल भोक.

दुसरी गोष्ट, ॲल्युमिनियमचा मिश्रधातू रसाचा घट्ट होताना आकसतो. शंभर भागांतले चार ते सहा भाग जागा कमी होते. पातळ भाग आधी गोठतो, जाड भाग शेवटी. जाड भाग आकसू लागला की त्याला वरून आणखी रस पाहिजे, पण रस्ता तर आधीच गोठलेला. मग तो आतून फाटतो. हे झाले फाटके भोक. प्लंजरचा शेवटचा मोठा दाब याच कामासाठी असतो, गोठता गोठता थोडा रस आत कोंबण्यासाठी.

ही विद्या काही नवी नाही. छापखान्याचे खिळे पाडण्याच्या कामातून ती निघाली. अमेरिकेत खिळे पाडण्याच्या हातयंत्राचे पेटंट १८४९ मध्ये झाले आणि १८८६ मध्ये लायनोटाइप आले. शिशाच्या रसात अँटिमनी मिसळत, म्हणजे खिळा आकसून अक्षराची धार जाऊ नये. आपल्या मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने देवनागरी खिळ्यांत नाव कमावले. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, आमच्या नस्तालीकला मात्र हे खिळे कधी मानवले नाहीत. आमचे अखबार १९८१ मध्ये संगणकाची नूरी नस्तालीक येईपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षे कातिबांच्या हातूनच लिहिले जात होते. असो.

पुन्हा झाकणांकडे येतो. उस्ताद कारखान्यात आले आणि स्टूल टाकून दोन तास नुसते बघत बसले. कोणाशी बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितले त्यात मशीनचा दोष फार थोडा होता.

प्रत्येक शॉटनंतर डायवर पाण्यात मिसळलेले औषध फवारतात, म्हणजे नग चिकटत नाही. त्यानंतर हवेच्या पाइपने डाय कोरडी करायची असते. पोरगा फवारा भरपूर मारत होता आणि हवा मारत नव्हता, कारण हवा मारायला पाच-सात सेकंद लागतात. डायच्या कोपऱ्यात राहिलेल्या पाण्यावर सहाशे-साडेसहाशे अंशांचा रस पडला की त्याची वाफ होते, आणि वाफेला जायला जागा नसते. प्लंजरच्या टोकाला लावायचे तेलही असेच, बोटभर पुरते तिथे पळीभर. ते जळते, धूर होतो, धूर नगात. डायच्या कडेला हवा बाहेर जाण्यासाठी खाचा असतात, कागदाच्या एका पानाइतक्या खोल. त्या आठवड्यापासून कोणी साफ केल्या नव्हत्या, जळक्या तेलाने बुजल्या होत्या.

हे हवेचे झाले. आकसण्याचे कारण पळीत निघाले. रस ओतल्यावर प्लंजरसमोर जी चकती उरते तिला कारागीर बिस्किट म्हणतात. उस्तादांनी दिवसभरातली बिस्किटे रांगेत मांडली. सकाळचे बिस्किट बोटाएवढे जाड, दुपारी तीनचे पापडासारखे. ज्याच्या हातात पळी होती तो मे महिन्यात, जळगावच्या पंचेचाळीस अंशांत, भट्टीसमोर उभा होता. थकला की पळी कमी भरे. बिस्किट पातळ झाले की ते नगाच्या आधीच गोठते, आणि मागून कितीही दाब दिला तरी तो गोठलेल्या चकतीवरच अडतो, नगापर्यंत पोचतच नाही. म्हणजे पोरांनी वाढवलेला दाब दुपारनंतर फुकट जात होता. त्याने फक्त डायच्या फटीतून रस उडत होता आणि मशीन झिजत होते.

आता खरा सवाल. तो पोरगा हवा का मारत नव्हता? त्याला मजुरी शॉटवर होती. जितके शॉट तितका पैसा. हवेच्या पाइपला पाच सेकंद दिले तर त्याच्याच खिशातून जातात. मग तो का देईल? आणि नग पोकळ निघाला की नुकसानही त्याच्याच नावावर कापायचे, असा आमच्या भाच्याचा बेत होता. हे ऐकून आम्हाला आमचीच शरम वाटली, कारण ही पद्धत तो आमच्याकडूनच शिकला. पॉवरलूमवर आम्ही हेच करत आलो. मजुरी मीटरवर, आणि कापडात डॅमेज निघाले की विणकराच्या पैशातून कापायचे. सूत कच्चे असो, बीम खराब भरलेला असो, वीज मध्येच गेलेली असो, कापायचे विणकराचेच. तीस वर्षे आम्ही हे केले आणि त्याला हिसाब म्हटले.

थोडा खरा हिसाब आता मांडतो, व्यापारी आहोत म्हणून. आधी पाळीत चारशे शॉट निघत, शंभरातले साडेसतरा नग फुकट. उरले तीनशे तीस. आता हवा मारून, बिस्किट मोजून, खाचा साफ ठेवून तीनशे चाळीस शॉट निघतात आणि शंभरातले तीनच नग जातात. उरले तेच तीनशे तीस. म्हणजे चांगल्या नगांत एकाचाही फरक नाही, पण साठ शॉटचा धातू वितळवायचा वाचला, डाय साठ वेळा कमी उघडली-मिटली, आणि माल परत येण्याची टांगती तलवार गेली. मजुरी आता रोजाची ठरवली आहे, तीही आधीच्या कमाईपेक्षा कमी नाही. भागीदारांपैकी एकजण अजून कुरकुरतो की रोजंदारीने माणूस आळशी होतो. आमचे मत वेगळे आहे. घाई विकत घ्यायची आणि सफाई फुकट मागायची, हे कोणत्याही धंद्यात चालत नाही.

जाड उंचवट्यातली फाटकी भोके मात्र कारागिराच्या हातात नव्हती. बिस्किट सुधारल्यावर ती कमी झाली, गेली नाहीत. तो नगाच्या नकाशाचा दोष. शेवटी गिऱ्हाईकाच्या इंजिनियरशी बोलून त्या उंचवट्याच्या मधोमध डायमध्येच पिन बसवली, म्हणजे धातूची जाडी कमी झाली आणि नंतर पाडायचे छिद्रही आयतेच मिळाले. अशा दुरुस्तीसाठी संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, तिथे डाय बनवणे शिकवतातही. आपली मुले तिथे जायला पाहिजेत. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ओतीव भागांचे कारखाने तिथे वाढले. एन्ड्युरन्ससारखी मोठी कंपनी त्याच भागात, याच कामातून उभी राहिली. जळगावहून वाळूज काही परदेशात नाही. मोठ्या कारखान्यांत तर साच्यातली हवा पंपाने ओढून घेतात, मग रस सोडतात. टेस्ला कंपनीने २०२० पासून मोटारगाडीचा अख्खा मागचा सांगाडा अशा राक्षसी मशीनवर एका शॉटमध्ये ओतायला सुरुवात केली. आपल्याला ते परवडणारे नाही. पण व्हॅक्यूम पंप लावला आणि डाय ओलीच ठेवली, तर पंपाचाही उपयोग नाही, हे मोठ्यांनाही लागू आहे.

भंगारवाल्या भाइयांना दोन शब्द. वितळलेले ॲल्युमिनियम पाण्यातला हायड्रोजन पिऊन घेते आणि गोठताना त्यातला फार मोठा भाग ओकून टाकते. घट्ट धातूत रसाच्या विसाव्या हिश्शाएवढाही तो मावत नाही. ओले, तेलकट, रंग लावलेले भंगार भट्टीत गेले की हा वायू वाढतो. डायकास्टिंगमध्ये हवा आणि वाफ हेच मोठे गुन्हेगार, हायड्रोजन त्यांच्या मागचा. पण पावसाळ्यात तो पुढे येतो. शिवाय ओला तुकडा रसात पडला तर स्फोट होऊन माणूस भाजतो, ते वेगळेच. तेव्हा भंगार पत्र्याखाली ठेवा, आणि पिस्टन, गाडीची चाके, खिडकीच्या पट्ट्या यांचा ढीग एकत्र करू नका. हा माल निवडून द्याल तर दोन रुपये जास्त मागण्याचा हक्क तुमचा.

आता त्या लुगदीबद्दल. भोक बुजवायला वरून लुगदी भरणे आणि न सांगता विकणे, याला आमच्याकडे रफू लपवून थान विकणे म्हणतात. गळणारे नग व्हॅक्यूममध्ये राळेसारख्या द्रवात बुडवून भोके भरण्याची रीतसर पद्धत आहे, मोठे कारखानेही ती वापरतात, त्यात गैर काही नाही. पण ती गळती थांबवते, नगाची ताकद वाढवत नाही, आणि गिऱ्हाईकाला सांगून करायची असते. पावडर कोटिंगच्या भट्टीत, एकशे ऐंशी-दोनशे अंशांत, आत कोंडलेली हवा फुगते आणि रंगाखाली फोड येतो. तेव्हा लपवलेले तिथे उघडे पडतेच. काही तर गिऱ्हाईकाच्या हातात गेल्यावर पडते. लूमची मोटर किंवा रावेर-यावलच्या केळीबागांतली पंपाची मोटर घ्या. तिच्या रोटरमधल्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या अशाच दाबाने ओतलेल्या असतात. पट्टीत पोकळी राहिली की विजेला वाट अरुंद होते, रोटर तापतो, मोटर दम सोडते. शेतकरी मोटर घेऊन रिवाइंडिंगवाल्याकडे येतो. आपला पोरगा दोनदा तांबे भरून देतो, मोटर पुन्हा तापते, आणि बदनामी होते भरणाऱ्याची. रिवाइंडिंग करणाऱ्यांनी वाइंडिंगला दोष देण्यापूर्वी रोटर एकदा तपासावा.

पारखण्यासाठी एक्स-रेचे मशीन लागते असे समजून पुष्कळजण हात झटकतात. तराजू पुरतो. एकाच डायमधून निघालेल्या नगांचे आकारमान सारखेच, म्हणून कडा साफ केल्यावर जो हलका तो आतून पोकळ. या मिश्रधातूचा घनसेंटिमीटर सुमारे २.७ ग्रॅम भरतो. दोनशे घनसेंटिमीटरचा भरीव नग पाचशे चाळीस ग्रॅमचा होईल. त्यात शंभरात तीन भाग पोकळी असेल तर पाचशे चोवीस. सोळा ग्रॅमचा फरक जळगावच्या सराफ बाजारात कोणी सोडील का? दर तासाला पाच नग तोला, वहीत लिहा, रोज एक नग कापा. गळती पाहायची तर प्लास्टिकचे टब, हवेचा पाइप आणि दाबाचे मीटर पुरते. आणखी एक लक्षात ठेवा, ओतीव नगाची वरची पातळ साल सर्वांत घट्ट असते. मशीनिंगला जाडी जास्त ठेवली की तीच साल कापली जाते आणि आतली भोके उघडी पडतात.

आमचा शेवटचा वाद आम्हा व्यापाऱ्यांशीच आहे. ओतीव माल आपण किलोच्या भावाने मागतो. भाव पाडायचा, रुपया-दोन रुपयांसाठी एका कारखान्याला दुसऱ्यावर घालायचा, आणि मग भरीव नग मागायचा. किलोच्या भावात हवा मारण्याचे पाच सेकंद कोठे धरलेले असतात? कापून पाहिलेला रोजचा एक नग कोणाच्या खात्यात जातो? यापुढे आमच्या भागीदारीतली कोटेशने नगावर जातील, चाचणीसह, आणि किती नगांपर्यंत गळती मान्य ते आधी कागदावर लिहून. दोन गिऱ्हाइकांनी हे ऐकून फोन ठेवला. ज्याने झाकणांचा लॉट परत पाठवला होता त्याने मात्र पाचशे नगांची नवी ऑर्डर दिली आहे. त्यातले पहिले दोनशे या जुम्मेरातीला रवाना होत आहेत, आणि त्यांच्या वजनांची वही पोराने सोबत जोडली आहे.